पंचाचं नाव

गावात भांडण झालं की भोजराजला बोलावणं यायचं. सहा वर्षं तो तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होता. दोघांना समोरासमोर बसवायचा, एका ताटात जेवू घालायचा आणि बजावायचा, "भांडण तोंडानं करा, लिवू नोका. कागद विसरत नाही."

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःवर वेळ आली तेव्हा हाच शहाणा कोर्टात गेला. धाकट्या भावानं, रत्नपालनं, दोघांच्या धानाच्या बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, धुरा (मातीचा बांध) हातभर सरकवला, एवढंच निमित्त. चार वर्षं तारखा पडत राहिल्या. भाऊ रस्त्यात दिसला की हा मान फिरवायचा, आणि घरी आल्यावर त्याला घास गिळवत नसे. भाऊ परत हवा होता, पण आधी बोलायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी बायको अल्का म्हणाली, "तुमाले पंच व्हाले येते, पंच शोधाले येत नाही का जी?"

म्हणून तो गोंदियाला गेला. चार वकिलांनी "केस चालू द्या" म्हणून वाटेला लावलं. पाचव्या दामिनी मॅडम लवादाचं काम करणाऱ्या निघाल्या. भांडण कोर्टाबाहेर मिटेल, त्या म्हणाल्या, पण पंच दोघांना मान्य हवा. दोघांनी आपापल्या कागदावर विश्वासातल्या माणसाचं नाव लिहायचं, मग एकाचा कागद दुसऱ्याला पोस्टानं जाईल. भोजराजनं तिथंच लिहिलं: नागपूरचे कोणीही निवृत्त न्यायाधीश. आणि खाली अक्कल पाजळली: भावाच्या ओळखीचा नको, भावावर माझा विश्वास नाही.

पंधरा दिवसांनी मॅडमनी बोलावलं. त्या हसत होत्या. "काकाजी, आपके भाई ने तो कमाल कर दिया."

टपालानं आलेल्या कागदावर रत्नपालचं वाकडंतिकडं अक्षर होतं: पंच भोजराज, माझा मोठा भाऊ. तो म्हणेल तिथं धुरा.

"लेकिन आप खुद पार्टी हो. अपने झगड़े में पंच नहीं बन सकते."

कायदा भोजराजच्या कानात शिरलाच नाही. "बाई, माया कागद वापस द्या. फाडून टाकतो."

"वो तो कल ही रजिस्ट्री से गया."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो फाट्यावर उभा. पोस्टमन मुन्नालालचा जुना तंटा यानंच मिटवलेला, पण तो पाकिटाला हात लावू देईना. "ज्याच्या नावाचं, त्यालेच देईन भाऊ. सही लागते."

सायकलमागे धावत भोजराज रत्नपालच्या अंगणात पोचला. रत्नपालनं सही केली, वाचलं. पुन्हा वाचलं.

"रतन, केस वापस घेतो. धुरा तुया, बांधीही तुयी. फाड तो कागद."

"फाडून का होते? तूच सांगत होता ना, कागद विसरत नाही." रत्नपालनं घडी घालून तो खिशात ठेवला. "नागपूरचे साहेब येऊ दे. मले मान्य आहे."

भोजराज अंगणातच मटकन बसला आणि लेकरासारखा रडला. कोणी उठवायला आलं नाही.

पुढच्या महिन्यात साहेब आले, दोरी टाकून धुरा ठरवून दिला. तंटा मिटला. सह्या झाल्यावर रत्नपालनं साहेबांना जोडले तसेच भावालाही हात जोडले.

"येतो, भोजराजजी," तो म्हणाला.