धुक्यातली मरळ

माझं लग्न झालं त्या वर्षी कार्तिकात सासरच्या गावी एक बुवा मुक्कामाला आले. महिनाभर कीर्तनं झाली आणि बुवा गेले तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासे शिजवायची मडकी त्यांनी स्वतः उचलून शेजारी दिली. शेजारणीनं त्याच रात्री त्यात झिंगे शिजवले. वास भिंतीवरून आमच्या अंगणात आला. सासरे नाकाला पंचा लावून मोठ्यानं नामस्मरण करू लागले आणि सासूबाई चुलीपाशी बसून नुसत्या श्वास घेत राहिल्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. आत्याचं माहेर नवेगावच्या बाजूला, एका मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून होतं. चालायला लागल्यापासून तिनं मासे खाल्लेले. लाखोरीची भाजी आणि वरण, वरण आणि लाखोरीची भाजी, असं करत पौष आला. एके दिवशी धान पाखडताना ती मला हळूच म्हणाली, "पोरी, तू डोंग्यात बसली का कदी?"

मी फुलचूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं. डोंगा म्हणजे झाडाचं अख्खं खोड कोरून केलेली नाव, हे मी ऐकून होते, पाहिलेला नव्हता. "नाही," मी म्हटलं. "आन मले पान्याचं भेव लागते."

"भेवाचं का हाय त्यात? बसाचं आन हलाचं नाई. माह्या भावजयचे पाय धरले म्हनून सांगतो तुह्या मामाजीले. तू मदतीले म्हनून चाल."

बेत जुळूनही आला. माझे यजमान धानाच्या गाड्या घेऊन गोंदियाच्या गिरणीवर गेले होते. मामाजींनीही सांगितलं की सालेकशाकडे भजनाचा सप्ताह आहे, दोन दिवस तिकडेच राहीन. आत्यानं त्यांच्या पिशवीत टाळ ठेवले, वर दशम्या बांधून दिल्या आणि भावजयीच्या पायांचं सांगितलं. मामाजींनी फार चौकशी केली नाही. उलट, "जा, जा, राहा एखादा दिवस," म्हणाले. आत्याला तेव्हा थोडं नवल वाटलं, पण मिळालेल्या परवानगीवर तिनं जास्त विचार केला नाही.

आत्याचा धाकटा भाऊ मोठा बेरकी माणूस. बहिणीला दारात पाहिलं तसा तो हसायला लागला आणि का हसतो ते सांगेना. लढाईचे दिवस होते, घासलेट मिळत नव्हतं, म्हणून सगळे दिवेलागणीलाच झोपले. सकाळी तो आत्याला म्हणाला, "लहान डोंगा पिंपळाखाली हाय. तू घेऊन जा. मले दुसरं काम हाय." त्याच्या बायकोचे पाय चांगले ठणठणीत होते. तिनंच आम्हाला पाळीपर्यंत पोचवलं.

तलावावर धुकं असं बसलं होतं की पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. आत्यानं लुगड्याचा ओचा घट्ट खोवला, मला पुढं बसवलं आणि बांबूनं डोंगा आत ढकलला. पन्नाशीची बाई, घरात गुडघे धरून उठायची. इथं मात्र पाय रोवून उभी होती, एखाद्या पोरीसारखी. मी दोन्ही काठ धरून डोळे मिटले. डोंगा जरा कलला की मी आईला हाक मारायची आणि आत्या म्हणायची, "तुही माय फुलचुरात हाय. चूप बस."

शिंगाड्याच्या वेलांपलीकडे तिनं डोंगा थांबवला. गरीच्या आकड्याला लहानशी जिवंत मासोळी लावली, दोरी पाण्यात सोडली आणि काठी माझ्या हातात दिली. स्वतः दुसरी गरी तयार करायला बसली. थंडीनं माझी बोटं लाकडासारखी झाली होती. अशा वेळी काठीला असा हिसका बसला की मी अर्धी उठलेच.

"उठू नको," आत्या म्हणाली. "बसून वढ."

मी बसून ओढलं. तिनं मागून हात घातला आणि एक मरळ धप्पकन आमच्या पायांत येऊन पडली. हातभर लांब, काळी, चकचकीत. तिला पाहून मी थंडी विसरले. आत्यानं तिच्यावर गोणपाट टाकलं आणि त्यावर पाय ठेवला.

तेवढ्यात धुक्यातून कोणाचं तरी खाकरणं ऐकू आलं. आधी घसा साफ करायचा आणि मग नाकातून "हं" म्हणायचं. रोज पहाटे आमच्या ओसरीवर जे खाकरणं ऐकू यायचं तेच हे. मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"कोन हाय गा तिकडे?" धुक्यातून आवाज आला. हा तिच्या भावाचा होता आणि त्यात हसू दाबलेलं होतं.

आमच्याकडे धान कापायला छत्तीसगडी बाया यायच्या. त्यांच्यासोबत बांधावर बसून आत्या त्यांची बोली अगदी तशीच बोलायला शिकली होती. तिनं पदर तोंडावर धरला आणि मजूरणीच्या बारीक आवाजात उत्तर दिलं, "हमन बनिहार आन, दाऊ. मछरी धरत हन."

मग मामाजी आपल्या गोंदियाच्या बाजारातल्या हिंदीत बोलले, "कुछ मिली क्या, बाई?"

"मिले हे, दाऊ. बडे जन मरल."

"हमें दोगी? सुबह से बैठे हैं, कुछ नहीं मिला."

"देबो, दाऊ. फेर घेंच म माला होही त नई देवन. पाप लागही."

गळ्यात माळ असेल तर देणार नाही, पाप लागेल. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पलीकडे कापडाची खसखस झाली. मग मामाजी म्हणाले, "माला? नहीं, नहीं. कैसी माला?" आणि आत्याचा भाऊ एकाएकी खोकू लागला.

"दाऊ, खरं का?" आत्यानं विचारलं. त्या नादात ती मराठीत बोलून गेली.

धुकंही तेव्हाच विरळ होत होतं. आधी अगदी आमच्या जवळ त्यांच्या डोंग्याचं टोक दिसलं, मग बांबू धरून उभा असलेला भाऊ, आणि मग मामाजी. माळ काढून त्यांनी फेट्यात खोवली होती आणि तिचं एक टोक कानावर लोंबत होतं.

"का जी," आत्या आपल्या आवाजात म्हणाली, "औंदा सप्ताह पान्यातच भरला का?"

मामाजींनी खाकरून घसा साफ केला. "तू इथं कायले आलीस?"

"भावजयचे पाय चेपाले."

"पाय तलावात हायेत का तिचे?"

"आन सालेकसा हाय का तलावात?"

त्यांची नजर माझ्यावर गेली. सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं बसले आहे हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी घाईनं पदर घ्यायला गेले, डोंगा कलला, आत्याचा पाय गोणपाटावरून सरकला आणि मरळ उसळली. ती डोंग्याच्या काठावर पडली, पाण्याकडे घसरली. मामाजींनी क्षणाचाही विचार केला नाही. दोन्ही हात पसरून ते तिच्यावर झेपावले आणि मरळीसकट पाण्यात गेले.

मी किंचाळले असते, पण ते लगेच उभे राहिले. पाणी कमरेइतकंच होतं. फेटा एका कानावर आला होता, डोक्यावर शेवाळ होतं आणि मरळ त्यांनी लेकरासारखी छातीशी धरली होती.

"सुटली नाई," ते म्हणाले. दात वाजत होते तरी चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी कीर्तनातही पाहिला नव्हता.

पाळीवर शेकोटी केली. मामाजी मेहुण्याचं घोंगडं पांघरून बसले. "दोघंबी माह्याकडेच आले," भाऊ त्यांना सांगत होता, "म्या कोनाले नाई म्हनू? म्हनून तुमाले शेतातल्या खोपडीत निजवलं." आत्यानं भाजलेला कांदा, लसूण, लाल मिरची पाट्यावर वाटली, चिंचेचा कोळ घातला. रस्सा उकळायला लागला तेव्हा मामाजी गंभीरपणे म्हणाले की बुवांनी घर शुद्ध ठेवायला सांगितलं होतं, आणि हे काही आपलं घर नाही. आत्या म्हणाली, "बुवा मोठे हुशार."

तोपर्यंत मामाजी माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते. काही हवं असलं तर भिंतीला सांगायचे आणि मी ऐकायची. त्या दिवशी त्यांनी मरळीचं डोकं आपल्या हातानं माझ्या पानावर वाढलं. "तुवा धरली, तुवाच खा," म्हणाले. "आन घरी काई बोलजो नको."

मी भरल्या तोंडानं मान हलवली.

परत येताना एकाच बैलबंडीत तिघं बसलो. गाव जवळ आलं तसं मामाजींनी फेटा नीट केला, माळ गळ्यात घातली आणि आम्हा दोघींना पेरूची पानं चावायला दिली. यजमान गोंदियाहून आलेले होते, अंगणात बैल बांधत होते. मामाजींना आमच्यासोबत पाहून त्यांना आश्चर्य वाटलं.

"बाबा, सप्ताह कसा झाला?"

"चांगला झाला," मामाजी म्हणाले. "परसाद पोटभर होता."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढं ओढून घरात गेले, आणि माझ्या मागोमाग आत्या आली ती दाराची कडी लावून, जमिनीवर बसून, पोट धरून हसत राहिली.