बाळगोळी

आमच्या कोपरीच्या मिठागरावर बाळं रडत नसत. कामाला उतरण्याआधी प्रत्येक आई अंगावरच्या दुधात बाळगोळी उगाळायची, बोटाने चाटवायची, की मूल दुपारपर्यंत गपगार. झावळ्यांच्या सावलीत चिंध्यांवर सगळी निजलेली असत. त्यातच माझी धाकटी बहीण. मी तिच्यावरच्या माश्या हाकलत बसायची. मला तिच्याशी खेळायचं असायचं, पण ती मेली डोळे उघडेल तर शपथ. मी तान्ही असताना आजी होती सांभाळायला, म्हणून मी त्या गोळीतून सुटले.

मिठागराच्या मालकांकडे बहिणीच्याच वयाचा मुलगा होता. सणासुदीला आई त्यांच्याकडे भांडी घासायला जाई, सोबत मी. त्या मुलाची आत्या त्याला दिवसभर कडेवर घेऊन फिरे. हा बघ काऊ, ही बघ चिऊ, नाक कुठंय तुझं? तोही बोट नाचवत काहीबाही बडबडे. परत येताना आई म्हणे, "काय गं ते पोर, घटकाभर डोळा लावत नाही. बिचारी त्याची आई. माझी बघ कशी गुणाची."

मी चौथीतच शाळा सोडून मिठात उतरले, तेव्हा ही तरी शिकावी यावर आईचा सगळा जीव. तिला आणि मालकांच्या मुलाला एकाच वर्षी शाळेत नेलं. मुलाने न विचारता अंक म्हणून दाखवले. बहिणीला मास्तरांनी कान कुठे म्हणून विचारलं, तर ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी आणा, म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच झालं.

मग ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. लहानपणी काय देत होता, डॉक्टरांनी विचारलं. आईने कौतुकाने सांगितलं, "बाळगोळी. एक दिवस चुकवली नाही."

"त्यात अफू असते, बाई. शिकायच्या वयात तुम्ही तिला झोपवून ठेवलंत."

आई म्हणाली, "मग मीठ कोणी ओढलं असतं?"

मला अजून राग येतो त्या दिवसाचा. आईचा नाही येत.

घरी आल्यावर आईने त्या घोड्याएवढ्या मुलीला मांडीवर घेतलं, दारातल्या शेवग्याकडे बोट केलं. "हा बघ काऊ. ही बघ चिऊ." किती वेळ ती तेच म्हणत होती. मांडीची ऊब लागली आणि बहीण झोपून गेली.