सुपरकपॅसिटर आणि आमचे दादा

दादांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि मला तो घालवायचाही नाही. झाशीत प्रेम नगरच्या पुढे जनरेटर बनवायचा आमचा कारखाना होता. तिथे मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते सुपरवायझर, मी साधा इलेक्ट्रिशियन. बाकी सगळं ‘भैया’ आणि ‘जी’. त्यामुळे दुपारी डबा खाताना आम्ही हटकून मराठीत बोलायचो. काय बरं वाटायचं म्हणून सांगू!

थंडीत इंजिनं सुरूच व्हायची नाहीत. गारठलेली बॅटरी एकदम जोर लावू शकत नाही. मला सुचलं, तिच्या जोडीला सुपरकपॅसिटर लावावा. मी म्हटलं, “दादा, बॅटरी म्हणजे बारीक धारेचा नळ. त्याखाली सावकाश बादली भरायची आणि एकदम ओतायची. सुपरकपॅसिटर ही आपली बादली.”

“वा रे पठ्ठ्या!” ते म्हणाले. “पण हिंदीत कुणाजवळ बोलू नकोस, कागदावरही लिहू नकोस. इथले लोक डोळ्यांतलं काजळ चोरतील.”

मी आपली मान डोलावली. नव्या चाचणी विभागाला प्रमुख नेमायचा होता. इंजिन सुरू करायची युक्ती जो काढेल त्याला ती जागा, असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. बारा वर्षं वायरी जोडून जोडून मी कंटाळलो होतो. मला ती जागा हवी होती.

जोडणी सगळी मी केली. जानेवारीतल्या एका सकाळी मालकांसमोर इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आणि दादा पुढे होऊन हिंदीत समजावू लागले. नळ, बाल्टी, सगळं माझंच! कसला डोंबलाचा दादा! केसानं गळा कापला माझा.

मी ओरडलो, “साहब, ये तरकीब मेरी है!”

मालकांनी विचारलं, कुणी ऐकलंय का? रोज आमच्याबरोबर डबा खाणारे चौघं एकमेकांकडे बघू लागले. त्यातला एक म्हणाला, “साहब, ये दोनों तो मराठी में बतियाते थे. हमें का पता?”

तो खोटं काय बोलला? मूर्ख मीच.

मी दादांकडे वळलो. “दादा, अहो, तुम्ही तरी खरं सांगा ना!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हिंदी में बोलिए, भैया,” ते म्हणाले. “सबको समझ में आना चाहिए.”