बिरूआण्णांच्या बोटाची रेघ

खडकाला भोक पाडण्याआधी बिरूआण्णा त्याची परवानगी घ्यायचे. पाटणच्या पुढच्या डोंगरात, जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा आटपाडीचा हा साठीचा ड्रिलर मशीनला तेलात कालवलेला भंडारा फासत खडकाला समजावत होता, "बाबा, जरा टोचंल. हलू नगंस."

मी कराडहून शिकून आलेली नवी इंजिनिअर. मी त्यांनाच शिकवायला बसले. डोंगराच्या पोटात यंत्रांसाठी भलंमोठं दालन खोदायचं होतं. त्याआधी भोकात पाणी कोंडून खडकाला बारीक चीर पाडायची, चिरेच्या दिशेवरून डोंगराचा दाब कुठून येतो ते ओळखायचं, आणि दालन त्या बेताने आखायचं. नाहीतर भिंती ढासळायच्या.

"कळ्ळं," आण्णा म्हणाले. "मेंढरं कुटनं रेटत्यात त्ये बघूनच आमी वाघरीच्या जाळीचा खुटा ठोकतो." माझी कॉलेजची चार वर्षं त्यांनी एका वाक्यात उरकली. मला रागच आला.

चिरेचा ठसा घ्यायला रबरी नळी पाइपाच्या टोकाला लावून भोकात सोडतात. ती आत फिरली तरी दिशा कळावी म्हणून मी पाइपावर पिवळ्या खडूने उभी रेघ ओढत असे. त्या दिवशी त्या रेघेवरून दिशा काढली, तर ती कागदावर आधीच आखलेल्या दालनाशी तंतोतंत जुळली. प्रकल्पाचे साहेब एवढे खूश झाले की त्यांनी चहा मागवला.

आण्णा मात्र पाइपापाशी उकिडवे बसले होते. "ताई, ही रेघ तुमची न्हाई. माझं बोट हाय."

माझा खडू पाण्याने धुऊन गेला होता. मशीनला फासताना आण्णांच्या बोटाने पाइपाला लागलेला तेलातला पिवळा भंडारा टिकला होता, आणि मी दिशा त्याच्यावरून काढली होती.

"आण्णा, गप्प बसा. साहेब ऐकतील," मी कुजबुजले.

"सायेब ऐकतील वो. डोंगुर ऐकंल का?" असं म्हणून ते थेट साहेबांकडे गेले.

साहेबांचा चहा राहिला बाजूला. "उद्यापासून मशीनला भंडारा लावायचा नाही!"

"मग परवापास्नं मी न्हाई. उद्याचा ठसा तेवढा घेतो नि जातो."

दुसऱ्या दिवशीच्या ठशात खरी दिशा भलतीच निघाली. दालनाचा नकाशा फिरवावा लागला. आण्णा पिशवी उचलून आटपाडीच्या गाडीत बसले, ते पुन्हा आलेच नाहीत.

आज ते दालन उभं आहे. अहवालात आण्णांचं नाव नाही; चूक वेळीच पकडली म्हणून माझंच कौतुक आहे. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, हे आण्णांनी कुणालाच सांगितलं नाही.