कॅसेट कोण रिकामी करणार

जून २००७. शनिवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी राजानंद मेश्राम जर्मनीतल्या नेकारसुल्म गावी आपल्या इमारतीच्या अंगणात, भाड्याच्या कॅम्परव्हॅनपाशी गुडघे टेकून बसला होता. गाडीच्या बाजूचं एक छोटं दार उघडून तो आतली टाकी ओढून काढत होता आणि पुन्हा बसवून पाहत होता. गाडीतल्या संडासाखालची ही टाकी. तिला कॅसेट म्हणतात. भरली की आत लाल दिवा लागतो आणि कुणालातरी ती हाताने उचलून नेऊन रिकामी करावी लागते.

भास्कर कॉफीचा थर्मास घेऊन खाली आला. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि राजानंदच्याच विभागात कामाला होता. स्कॉटलंडच्या बेटांवर पायी भटकायचं खूळ त्याचंच. त्याचा साहेब जाऊन आला होता. पण एवढं धूड रस्त्याच्या डाव्या बाजूने हाकायची भास्करची छाती नव्हती, म्हणून त्याने राजानंदला विचारलं. राजानंद लगेच हो म्हणाला, याचं त्याच्या बायकोला, क्रांतीला, नवल वाटलं होतं.

“हे एक दिवस तू, एक दिवस मी,” राजानंद कॅसेटवर थाप मारून म्हणाला.

“अरे, तिकडे कॅम्पिंगवाले माणूस ठेवत असतील की!”

“नाही ठेवत.”

“आल्झो, बरं, बघू तिकडे गेल्यावर.”

राजानंदच्या होकाराचं मूळ मागच्या उन्हाळ्यात होतं. त्याची आई अंजनाबाई, नागपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मुलाकडे राहायला आल्या होत्या. या भागातल्या इमारतींत जिना झाडण्यापुसण्याचा आठवडा घरागणिक ठरलेला असतो. त्याला केअरवोखे म्हणतात. ज्याचा आठवडा, त्याच्या दारावर पाटी. राजानंदच्या आठवड्यात अंजनाबाईंनी हौसेने झाडू हातात घेतला. पुढच्या आठवड्यात भास्करची बायको स्नेहलता स्वतःच्या दारावरची पाटी त्यांच्या हातात ठेवून गेली. म्हणाली, “मावशी, आमचाही जिना झाडून काढा ना. तुमच्याकडे हे चालतच आलेलं. आम्हाला कुठली सवय!”

अंजनाबाईंनी जिना झाडला. मुलाला त्यांनी हे सांगितलं ते थेट फ्रँकफुर्टच्या विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर. “भांडू नकोस,” एवढंच म्हणाल्या. राजानंद भांडला नाही. भास्करसोबत कँटीनमध्ये जेवत राहिला आणि दबा धरून बसला.

बेटांवर ते दोघं आणि त्यांच्या बायका, असे चौघं दिवसभर चालत. दलदल, काटेरी तारा, मेंढ्या, तोंडावर येणारा वारा. चढावर भास्कर सगळ्यांच्या पुढे असे. कॅसेटची सकाळ त्याची असली की मात्र त्याची पाठ धरे.

“अहो, वाकू नका हं,” स्नेहलता त्याला बजावे आणि राजानंदकडे वळे. “भाऊजी, तुम्हीच करा ना. तुम्हाला जमतं.”

राजानंद मुकाट्याने करे. क्रांती वैतागली. “दर वेळी तुम्हीच का उचलता?”

“रविवारपर्यंत,” तो म्हणाला.

तो रविवार त्याने घरूनच नेमून ठेवला होता. लुइस बेटावर रविवार म्हणजे देवाचा दिवस. दुकान बंद, पंप बंद, कॅफे बंद. स्टॉर्नोवेच्या धक्क्यावरून बोटही सुटत नाही. मुक्कामाची जागा त्याने गावापासून लांब, समुद्रकाठच्या कुरणावर धरली. तिथे पाण्याचा एक नळ आणि कॅसेट ओतायचं गटाराचं तोंड. बाकी उघडा माळ. आडोशाला झुडूपसुद्धा नाही.

शनिवारी संध्याकाळी लाल दिवा लागला. राजानंदने तो पाहिला आणि पत्ते पिसले.

सकाळी स्नेहलता संडासात गेली तशीच बाहेर आली.

“भाऊजी, ते भरलंय.”

“आज भास्करचा दिवस.”

“त्यांची पाठ...”

“काल डोंगरावर बरी होती.”

भास्कर हसला. “चल ना, गावात एखादं हॉटेल गाठू. तिथे आटपू.”

“सगळं बंद. बोट उद्या.”

“मग आजच्या दिवस तूच कर. तुला काय त्याचं!”

“मला काय त्याचं? सांग ना.”

भास्कर रस्त्याकडे पाहू लागला. काळे कपडे घातलेल्या माणसांच्या दोन मोटारी चर्चच्या दिशेने गेल्या. स्नेहलता माळावर बरीच लांब चालत गेली आणि ओठ आवळून परत आली.

“अहो, करा ते,” ती म्हणाली.

भास्करने नाकाला मफलर बांधला आणि कॅसेट ओढली. ती दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून तो निघाला. मागोमाग राजानंद, हातात चहाचा मग. कॅसेट ओतताना तिच्यावरचं हवेचं बटण दाबायचं असतं, नाहीतर ती गचके देते. राजानंदने चहाचा घोट घेतला. कॅसेटने गचका दिला. भास्करची पँट, मोजे आणि नवेकोरे बूट बरबटले.

“बटण दाबायचं असतं,” राजानंद म्हणाला.

“आधी सांगायला काय झालं होतं? कसला सूड उगवतोयस?”

“माझ्या आईने तुझा जिना झाडला.”

“ते होय!” भास्कर हात झटकत म्हणाला. “अरे, स्नेहलता गमतीत म्हणाली असेल.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. हीपण गंमतच. आता दोनदा विसळ. पाणी गार आहे, पण भरपूर आहे.”

गाडीच्या पायरीवर उभ्या स्नेहलताने हे सगळं ऐकलं. ती आत गेली आणि दार ओढून घेतलं. भास्कर नळाखाली वाकून कॅसेट विसळत राहिला. पाठीबद्दल तो काही बोलला नाही.

क्रांती जवळ आली. “झालं समाधान?”

राजानंदने मगातला उरलेला चहा गवतावर ओतला. “नाही,” तो म्हणाला.

भास्करने ओली कॅसेट आणून जागेवर सरकवली. “उद्या तुझी पाळी,” तो म्हणाला.

“तुझ्या वाट्याच्या मी आधीच केल्यात. नेकारसुल्म येईपर्यंत तूच.”

भास्करने बायकोकडे पाहायला मान वळवली. दार बंदच होतं.

उद्या सोमवार. स्टॉर्नोवेहून सकाळची बोट आहे. त्याआधी, उजाडल्याबरोबर, भास्कर कॅसेट रिकामी करणार आहे.