चिनूचा अर्धा राहिलेला सिनेमा

मंडळी, परवाच्या मेलमध्ये मी चुकीचं लिहिलं. अंतराळयानांचा तो जुना सिनेमा बघताना माझी पाच वर्षांची भाची चिनू राक्षसाला घाबरून रडली नव्हती. मीच धास्तावून कॅसेट मध्येच बंद केली, म्हणून रडली.

आज तिने इडलीपात्राचं यान केलं आणि विचारलं, "मावशी, ते लोक घरी पोचले का ग?"

अक्का, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघरातून ओरडली, "पुरे ते राक्षस! स्वल्प देवाच्या गोष्टी सांग तिला."

"त्यात पण राक्षस असतात की!" चिनू म्हणाली.

मला मुळाक्षरं अक्कानेच शिकवली. तिचा शब्द मी कधी मोडला नाही. पण लहान मुलीची गोष्ट अशी अर्ध्यावर तोडायची? तुम्ही तोडली असती?

अक्का रागावली तरी उरलेला सिनेमा मी चिनूला दाखवणार, येत्या रविवारी.