समोरचा दोर

आप्पासो गवंड्याला कुणी विचारलं, की घर कशाच्या जोरावर उभं राहतं, तर तो आधी समोरच्याला खालून वर न्याहाळायचा आणि मग उलट विचारायचा, "कसलं घर?" माणसं हसायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याचा बाप अर्जुना रानात बांधाच्या ताली घालायचा. दगडावर दगड, मधे चुना नाही की सिमेंट नाही. वरनं पावसाचा लोंढा आला तरी ताल हलत नसे, कारण तिचं वजनच तिची ताकद. दगड-मातीची जुनी घरंही तशीच. भिंत जाड, आणि छताचा सगळा भार भिंतीवर. आताच्या सिमेंटच्या इमारतींचं निराळं. तिथं खांब आणि तुळया मिळून सांगाडा होतो, भार तो घेतो. भिंत म्हणजे नुसता पडदा, आज पाडली तरी इमारत ढिम्म. आणि देवळाचा घुमट? त्याच्या पोटाखाली एक खांब नसतो. पातळ कवच, पण वाकामुळं भार चहूबाजूंनी खाली उतरतो. आप्पासोनं आयुष्यात हे तिन्ही बांधलं. त्याच्या धाकट्या भावानं, नाथाजीनं, मात्र उमेदीची सगळी वर्षं पुण्याकडं उंच इमारतींवर काढली. त्याला सांगाडाच काय तो ठाऊक.

तिथंच घात झाला.

नाथाजीच्या लेकीचं, रेश्माचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. वाईकडं एका देवळाच्या घुमटाचं काम चालू होतं, आप्पासो तिकडं अडकलेला. इकडं हळदीला पाव्हणे बसायचे कुठं, म्हणून नाथाजीनं घराची मधली भिंत काढली. पुण्यात अशा शंभर भिंती त्यानं काढल्या असतील. पण हे घर अर्जुनाच्या हातचं, दगड-मातीचं, वर मातीचं जड माळवद. मधल्या तुळईचं टोक त्याच भिंतीत होतं. नाथाजीनं खाली दोन वासे उभे केले आणि लागला की पुढच्या कामाला! दुपारी म्हातारी आई कुंकू लावून अक्षता वाळवत बसली होती. माळवद तिच्यावर आलं.

आप्पासो पोचला तेव्हा अंगणात लाल तांदूळ सांडलेले होते. त्यानं आईला खांदा दिला, दहावं-तेरावं केलं, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. टाकलं ते टाकलं. बारा वर्षं झाली. रेश्माला दोन पोरं झाली, गावातल्या शहाण्यांनी मिटवून बघितलं, आप्पासोच्या बायकोनं, रंगूबाईनं, रडून बघितलं. आप्पासो उठून जायचा. मला विचाराल तर माणूस वाईट नव्हता. त्याला आईचं फार होतं, एवढंच.

पण एक गाठ देवानं बांधलेली. गावच्या जोतिबाची सासनकाठी. दोन-अडीच पुरुष उंचीची नाही, माडीच्या वर जाणारी उंच काठी, रंगीत कापडानं गुंडाळलेली, शेंड्याला निशाण. बुंधा एका गड्याच्या कमरेच्या पट्ट्यात, आणि शेंड्यापासून चार दिशांना चार दोर. तिला ना वजनाचा आधार ना खांबांचा. ती उभी राहते नुसत्या ओढीवर, आणि ओढ सारखी पाहिजे. पुढचा आणि मागचा दोर या घराण्याच्या मानाचा. म्हणून दर चैतात आप्पासो पुढं आणि नाथाजी मागं, एकमेकांकडं तोंड करून, एकाच काठीला धरून उभे. बोलणं नाही. पण दोरातनं भावाचा हात आप्पासोला कळायचा, कधी दमला, कधी सावरला.

यंदा हिवाळ्यात नाथाजीला झटका आला. उजवा हात लुळा पडला. लोक म्हणाले, दोर दुसऱ्याला दे. "मान हाय. मरंस्तवर धरीन," म्हणाला आणि दोर कमरेला वेढून उभा राहिला. काठीच्या बुंध्याला त्याचाच पोरगा होता, सयाजी, फौजेतनं सुट्टीवर आलेला.

पेठेतनं काठी नीट आली. गुलाल, हलगी, चांगभलंचा गजर. ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात मात्र नाथाजीच्या पाठीमागनं वाऱ्याचा झोत आला, निशाण फुगलं आणि काठी आप्पासोच्या अंगावर झुकली. त्याच्या मागंच आरत्या घेतलेल्या बायका, पोरंबाळं. आप्पासोच्या हातातला दोर सैल पडला. बाजूच्या दोरवाल्यांच्या टाचा मातीतनं घसरायला लागल्या. सयाजीच्या मानेच्या शिरा तटतटल्या.

"आप्पा, ओढ! ओढ रं!" लोक ओरडले.

दोर सैल पडला की हात आपोआप ओढतो. पण ओढला तर काठी आणखी पुढं येणार, हे आप्पासोला कळत होतं. ओढायला पाहिजे होतं समोरनं, आणि समोर नाथाजी एका हातानं लोंबकळत होता, पाय फरफटत होते.

मानाचा दोर काठी उतरेपर्यंत भुईला लावायचा नसतो. आजा-पणज्यापासनं कुणी लावला नव्हता. आप्पासोनं तो टाकला. भुईवर टाकला आणि धावला.

"आरं, दोर टाकला आप्पानं!" कुणीतरी किंचाळलं.

तो सयाजीला वळसा घालून पलीकडं गेला आणि नाथाजीच्या पाठीशी उभा राहून त्याच्याच दोराला त्यानं दोन्ही हात घातले. टाचा रोवल्या. हातांची सालं गेली. "नाथा, पाय रोव," तो म्हणाला. बारा वर्षांनी पहिला शब्द.

काठी थरथरली आणि हळूहळू सरळ झाली. वारा पडेपर्यंत दोघं तसेच ओढून धरून होते. पुढं टाकलेला दोर कुणीतरी उचलून धरला. गजर पुन्हा उठला.

नाथाजीची पाठ आप्पासोच्या छातीला टेकली होती. ती हुंदक्यांनी हलत होती. मागं न बघताच तो म्हणाला, "दादा, भिंत मी पाडली."

आप्पासोला वाटलं होतं, हे वाक्य कधी ऐकलं तर आपण त्याचा गळा धरू. आता त्याला फक्त भावाच्या पाठीची हाडं लागत होती. केवढा वाळला होता नाथा!

"व्हय," तो म्हणाला. "पाडलीस."

मग दोर मुठीत आवळून म्हणाला, "दोर सोडू नगंस. मी हाय मागं."

काठी देवळाशी उतरेपर्यंत दोघं त्या एकाच दोराला होते.